जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग बसवायचंय? आधी पुढचा एक्सल मोकळा करा, मग पंपाकडे वळा

जुना ट्रॅक्टर ज्याने दिवसभर चालवलाय त्याला वेगळं काही सांगायला नको. तासाच्या टोकाला आलं की वळवा, परत तास, परत वळवा, संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. पुढे लोडर असेल तर विचारूच नका, भरलेली बकेट घेऊन उभ्या जागी स्टेअरिंग फिरवायचं म्हणजे अंगातला सगळा जोर लावावा लागतो. त्यात चाक दगडावर चढलं की स्टेअरिंग असा हिसका देतं की अंगठा आतल्या बाजूने धरला असेल तर मुरगळलाच समजा.

फर्ग्युसन ३५ असो, फोर्ड ८एन असो नाहीतर त्या काळातला दुसरा कुठला असो, या ट्रॅक्टरांना पॉवर स्टेअरिंग नीट बसतं आणि चांगलं चालतं. पण सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. पॉवर स्टेअरिंग आजार बरा करत नाही, झाकतं. किंगपिन (ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक वळतं ती) जाम असेल, तिच्याभोवतीचे बुश खाल्लेले असतील, तर तेलाचा दाब ते सगळं गपचूप ढकलत राहणार, तुमच्या हाताला काही कळणार नाही, आणि एक दिवस स्टब एक्सलचा (ज्यावर चाक बसतं त्या वळणाऱ्या तुकड्याचा) आर्म नाहीतर ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंगकडून त्या आर्मपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) बॉल तुटणार. जुन्या गाडीचे हे पार्ट माणसाच्या हाताच्या जोरासाठी बनवलेत, सिलिंडरच्या जोरासाठी नाही.

माझंच सांगतो. माझ्या ३५ साठी मी सिलिंडर, व्हॉल्व्ह सगळं आणून ठेवलं होतं, फक्त फिटिंग बाकी होतं. पुढचा भाग जॅकवर घेतला, दोन्ही चाकं हवेत, आणि सहज स्टेअरिंग फिरवलं तर तेवढंच जड! चाकं हवेत असताना टायरचं जमिनीशी घासणं नाही, मग जड कसं? डाव्या बाजूची ड्रॅग लिंक सोडली, चाक हाताने ढकलून बघितलं तर गंजलेल्या कडीसारखं कुरकुरत होतं. खोललं तेव्हा कळलं. निपलमधलं ग्रीस वाळून खडूसारखं घट्ट झालं होतं, मी वर्षानुवर्षं ग्रीस गन मारत होतो आणि ग्रीस बाहेरूनच परत येत होतं, आत थेंब जात नव्हता. किंगपिनच्या थ्रस्ट बेअरिंगचे, म्हणजे वरचं वजन पेलणाऱ्या बेअरिंगचे, नुसते तुकडे राहिले होते. नवीन बेअरिंग, नवीन बुश, बुश पिनच्या मापाला रीम करून घेतले, आणि स्टेअरिंग एवढं हलकं झालं की क्षणभर वाटलं आता पॉवर स्टेअरिंगची गरजच नाही. लोडर होता म्हणून नंतर बसवलंच, पण नुसत्या शेतीकामासाठी वापरत असतो तर कदाचित तिथेच थांबलो असतो.

म्हणून पहिलं काम हे

पुढचा एक्सल उचला आणि खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. दोन्ही बाजूच्या ड्रॅग लिंक सोडा. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात: डावं चाक एकटं, उजवं चाक एकटं आणि स्टेअरिंग बॉक्स एकटा. जे जड लागेल तिथे आजार. चाक वर-खाली धरून हलवा, खटखट आली तर ती किंगपिनची की व्हील बेअरिंगची हे बघायला दुसऱ्या माणसाला जॉइंटवर बोट ठेवून बसवा, बोटाला लगेच कळतं हालचाल कुठून येते. एक्सल ज्यावर झुलतो त्या मधल्या पिव्हट पिनमधला प्ले, म्हणजे ढिलेपणाही बघा, तो लोक विसरतात, आणि तिथला बुश गेला असेल तर पुढे सिलिंडर बसवल्यावर अख्खा एक्सल डावी-उजवीकडे सरकतो आणि स्टेअरिंग उशिरा लागतं.

ग्रीस मारायचं ते चाक हवेत असतानाच. वजन खाली असलं की थ्रस्टच्या जागा दाबून बसलेल्या असतात आणि ग्रीस तिथे जात नाही. निपल चोंदलं असेल तर काढून नवीन टाका, आतला मार्ग तारेने मोकळा करा. टायरची हवाही बघून घ्या, पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की जमिनीला चिकटणारा भाग वाढतो आणि स्टेअरिंग जड होतं, हे फुकटातलं काम आहे.

आता ड्रॅग लिंक परत जोडा, ट्रॅक्टर खाली घ्या, एक स्प्रिंग काटा घ्या, स्टेअरिंगच्या कडेला दोरीने बांधा, ट्रॅक्टर कडक कोरड्या जमिनीवर उभा ठेवून काटा ओढा आणि चाकं वळायला किती किलो लागतात ते लिहून ठेवा. बकेट रिकामी असताना एकदा, भरून एकदा. नंतर स्टेअरिंग किती हलकं झालं ते या दोन आकड्यांवरून कळेल.

कुठल्या पद्धतीने बसवायचं

साधारण तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे कारचा इलेक्ट्रिक स्टेअरिंग कॉलम, ज्यात मोटर आणि टॉर्क सेन्सर कॉलममध्येच असतात, तो स्टेअरिंग आणि जुन्या बॉक्सच्या मध्ये बसवतात. तेल नाही, होज नाही, पंप नाही, दिसायला ट्रॅक्टर जवळपास जुनाच राहतो. पण १२ व्होल्ट पाहिजे आणि जोर लागला की ४०-५० अँपिअरपर्यंत खेचतो, म्हणजे जुना डायनॅमो पुरणार नाही, चांगला अल्टरनेटर आणि चांगली बॅटरी लागणार. जुने बरेच ट्रॅक्टर ६ व्होल्टचे आणि पॉझिटिव्ह अर्थचे होते, ते आधी पूर्ण बदलावं लागतं. शिवाय सगळा जोर जुन्या बॉक्समधूनच जातो, बॉक्स झिजलेला असेल तर अजून झिजणार. मोटर आणि कनेक्टर पाण्या-धुळीपासून झाकायला लागतात, कारण ते कारच्या आत बसायला बनवलेत. हलक्या कामाला, शोच्या ट्रॅक्टरला हा चांगला पर्याय आहे.

दुसरा रस्ता म्हणजे जुना बॉक्स, जुनी ड्रॅग लिंक तशीच ठेवायची आणि तिच्यातच एक व्हॉल्व्ह टाकून बाजूला मदतनीस सिलिंडर लावायचा. तुम्ही स्टेअरिंग थोडं फिरवलं की व्हॉल्व्ह हलतो, तेल जातं, सिलिंडर ढकलतो. इंजिन बंद पडलं तरी लोखंडाचा जोड कायम असतो, हा मोठा फायदा. पण असे व्हॉल्व्ह चांगल्या हालतीत मिळणं कठीण, आणि बॉक्समधला प्ले तसाच राहतो.

तिसरा, आणि मी केलेला, म्हणजे हायड्रोस्टॅटिक. स्टेअरिंगच्या दांड्याखाली ऑर्बिट्रॉल व्हॉल्व्ह (स्टेअरिंग जेवढं फिरेल तेवढं तेल मोजून पाठवणारा), तिथून दोन होज पुढच्या सिलिंडरला, बास. बॉक्सचं काम संपलं, चाकांना स्टेअरिंगशी जोडणारं लोखंड काहीच उरत नाही, फक्त तेल. ऐकायला भीती वाटते पण नंतरच्या काळातले बहुतेक ट्रॅक्टर कंपनीतूनच असे येतात, आणि पंप बंद पडला तरी ऑर्बिट्रॉल हाताने पंपासारखं तेल ढकलतो, जड होतं पण वळतं. दगडाचा हिसकाही हातापर्यंत येत नाही. इथून पुढे मी याच पद्धतीबद्दल लिहितोय.

रस्त्यावर ट्रॅक्टर चालवत असाल तर स्टेअरिंगमधल्या बदलाबद्दलचे तुमच्याकडचे नियम आणि विमा आधी विचारून घ्या, सामान आणल्यावर नाही.

तेल आणायचं कुठून

इथे एक चूक नेहमी होते. लोक म्हणतात ट्रॅक्टरला हायड्रॉलिक आहेच की, लिफ्टच्या पंपातून लाइन काढू. फर्ग्युसनच्या पद्धतीत हे चालत नाही. तो पंप पीटीओच्या (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या) शाफ्टवर चालतो आणि त्याचं कंट्रोल सक्शनच्या बाजूला असतं, म्हणजे गरज असेल तेव्हाच तो तेल ओढतो, सतत वाहणारं तेल तिथे नसतंच. आणि सिंगल क्लचच्या गाडीत क्लच दाबला की पंप थांबतो. विचार करा, उतारावर वळणात क्लच दाबला आणि स्टेअरिंग जड झालं! त्यामुळे पंप वेगळा आणि थेट इंजिनवर चालणारा पाहिजे.

सोपा मार्ग म्हणजे कारचा पॉवर स्टेअरिंग पंप. त्याला पुली असते, बेल्टचा ताण सोसायला बेअरिंग असतं, फ्लो कंट्रोल आणि रिलीफ (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) आतच असतो. गिअर पंप वापरायचा असेल तर नीट बघा, बऱ्याच गिअर पंपांच्या शाफ्टला बाजूचा ताण चालत नाही, त्यावर थेट पुली लावली की थोड्याच दिवसांत सील आणि बुश जातात, मग पुढे वेगळं बेअरिंग देऊन पुली लावावी लागते नाहीतर इंजिनच्या टायमिंग गिअरवरून कपलिंगने चालवावा लागतो. फिरायची दिशा बघूनच घ्या, पंपावर बाण असतो, उलट फिरवला तर तेल येणार नाही आणि सील उडेल.

ब्रॅकेट जाड पट्टीचा करा. मी पहिल्यांदा पातळ पट्टीचा केला होता, जोर आला की पंप ब्रॅकेटसकट वाकायचा, बेल्ट चिरचिर करायचा आणि नेमक्या गरजेच्या वेळी दाब जायचा. नंतर १० मिमी पट्टी, इंजिनच्या तीन बोल्टवर, आणि मागून एक आधाराची पट्टी, तेव्हापासून आवाज नाही. सगळ्या पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

मापं, जिथे खरी मजा आहे

अंदाजाने सिलिंडर आणला तर एकतर स्टेअरिंग सात-आठ फेरे मागतं नाहीतर एवढं तिखट होतं की रस्त्यावर ट्रॅक्टर नागमोडी जातो. थोडं गणित करा, अवघड नाही.

उदाहरण घेऊ. पुढच्या एक्सलवर ७०० किलो वजन आहे. टायर १५ सेमी रुंद. किंगपिनची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथून टायरचा मध्य १० सेमी लांब. टायर उभ्या जागी वळवायला लागणारा पीळ काढायला रुंदीचा वर्ग भागिले ८, त्यात त्या अंतराचा वर्ग मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा. इथे २२५ भागिले ८ म्हणजे २८, अधिक १००, म्हणजे १२८, वर्गमूळ साधारण ११.३ सेमी. याला वजनाने आणि घर्षणाच्या ०.७ ने गुणा, साधारण ५५०० किलो-सेमी झालं. कडक कोरड्या जमिनीसाठी हा आकडा आहे, शेतात चालता चालता याच्या कितीतरी कमी लागतं.

आता स्टब एक्सलचा आर्म १५ सेमी आणि चाक दोन्ही बाजूंना ४२ अंश वळतं असं धरा. पूर्ण वळणात आर्मची कामाला येणारी लांबी कमी होऊन ११ सेमीच राहते, म्हणून ५५०० भागिले ११, म्हणजे सिलिंडरने ५०० किलो ढकललं पाहिजे. सिलिंडरचा स्ट्रोक, म्हणजे रॉडची धाव किती? १५ सेमी आर्म, दोन्हीकडे ४२ अंश, म्हणजे हालचाल जेमतेम २० सेमी, सिलिंडर त्याहून थोडा जास्त स्ट्रोकचा घ्या.

४० मिमी बोअर (आतला व्यास) आणि २० मिमी रॉडचा सिलिंडर घेतला तर रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ ९.४ चौरस सेमी येतं. हिशेब कायम रॉडच्या बाजूनेच करा कारण तीच कमजोर बाजू. ५०० भागिले ९.४, म्हणजे सुमारे ५३ बार पुरतो (एक बार म्हणजे चौरस सेमीला साधारण एक किलो). लोडर भरून पुढचं वजन दुप्पट झालं तर १०६ बार, तिथे मी ५० मिमी बोअर आणि २५ मिमी रॉड घेईन, मग रॉडच्या बाजूला १४.७ चौरस सेमी मिळतात आणि ६८ बारमध्ये काम होतं. दाब कमी ठेवून सिलिंडर मोठा घेणं होजलाही बरं, सीललाही बरं.

ऑर्बिट्रॉल किती सीसीचा, तर ५० बोअरच्या सिलिंडरमध्ये त्या २० सेमी हालचालीत पिस्टनच्या बाजूने ३९३ सीसी तेल मावतं आणि रॉडच्या बाजूने २९४. १२५ सीसीचा व्हॉल्व्ह लावला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दिशेला ३.१ फेरे आणि दुसऱ्या दिशेला २.४. हा फरक एका रॉडच्या सिलिंडरमध्ये राहणारच, दोन दिवसांत हाताला सवय होते. नकोच असेल तर दोन्हीकडून रॉड निघणारा सिलिंडर घ्या, तो एक्सलच्या मधोमध छान बसतो पण जागा जास्त लागते. ४० बोअरला ८० सीसी जवळपास तेवढेच फेरे देतो. अडीच ते चार फेरे शेतीच्या ट्रॅक्टरला ठीक.

पंपाचा हिशेब मंद इंजिनवर करा, कारण लोडरचं काम मंद गतीलाच होतं. १२५ सीसीचा व्हॉल्व्ह सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवायचा तर मिनिटाला साडेसात लिटर पाहिजे. तेवढं मिळत नसेल तर जोरात फिरवताना स्टेअरिंग मध्येच अडकल्यासारखं जड होतं, आणि लोकांना वाटतं व्हॉल्व्ह खराब आहे.

सिलिंडर बसवताना

सिलिंडरची दोन्ही टोकं एक्सलच्या भागांवरच पाहिजेत, एक एक्सलवर आणि दुसरं स्टब एक्सलच्या आर्मवर, चेसिसवर नाही. एक्सल खड्ड्यात वर-खाली झुलतो, सिलिंडर चेसिसला बांधला तर प्रत्येक झोक्याला चाकं आपोआप वळणार. फर्ग्युसन टीई२०, ३५, फोर्ड ८एन यांच्यात अजून एक गोष्ट आहे, यांच्या बॉक्समधून दोन बाजूंना दोन आर्म आणि दोन ड्रॅग लिंक निघतात, दोन्ही चाकांना जोडणारी आडवी टायरॉड यांना नसतेच. बॉक्स काढला की चाकं एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणजे आडवी टायरॉड नवीन बनवावी लागते, दोन्ही टोकांना उलट-सुलट आट्यांचे जॉइंट, म्हणजे चाकांचं टो-इन (पुढच्या बाजूने चाकं किंचित आत असणं) मध्येच फिरवून सेट करता येईल, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. ही रॉड इंजिनच्या सम्पच्या खाली किंवा पुढे जिथे जाईल तिथे एक्सल पूर्ण झुलवून, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा कुठे लागत तर नाही.

टायरॉडसाठी जाड भिंतीचा पाइप घ्या, कारण दाबाखाली बारीक रॉड धनुष्यासारखी वाकते. ब्रॅकेट आधी नुसता टॅक करा, सिलिंडर लावा, पंप न जोडता हाताने चाकं दोन्ही टोकांना नेऊन बघा, सगळं जुळलं तरच पूर्ण वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या वेळी सिलिंडर काढून ठेवा, सीलला उष्णता आणि रॉडला ठिणग्या दोन्ही वाईट. बॅटरीची वायरही काढा. बिडाच्या ओतीव एक्सलवर किंवा स्टब एक्सलच्या आर्मवर वेल्डिंग करू नका, तिथे क्लॅम्प किंवा बोल्टचा ब्रॅकेट करा, आर्मवर वेल्डिंग केलं की बाजूचा भाग कडक होतो आणि तिथून चीर जाते.

स्ट्रोक असा जुळवा की एक्सलचा स्वतःचा स्टॉप लागल्यावरही सिलिंडरमध्ये दोन्हीकडे ५ मिमी तरी शिल्लक राहतील. सिलिंडरच्या आतल्या टोकावर रोज आपटलं तर पिस्टनचा नट कधीतरी सैल होणारच. ट्रॅकची रुंदी कमी-जास्त करत असाल तर ब्रॅकेटला त्या हिशेबाने जास्तीची भोकं ठेवा.

ऑर्बिट्रॉल आणि होज

व्हॉल्व्हवर चार तोंडं असतात, पी, टी, एल, आर. पी पंपाकडून, टी टाकीकडे, एल आणि आर सिलिंडरला. साध्या पंपाला ओपन सेंटरचा व्हॉल्व्ह पाहिजे, म्हणजे स्टेअरिंग सरळ असताना तेल न अडता टाकीत परत जातं. लोड सेन्सिंगचा घेऊन आलात तर तो या पंपाशी जमणार नाही. शॉक व्हॉल्व्ह आत असलेला मिळाला तर तोच घ्या, दगड लागला की सिलिंडरच्या लाइनमध्ये येणारा धक्का तो सोडून देतो. रिलीफ आत आहे का ते विचारा, नसेल तर पंपानंतर वेगळा रिलीफ लावल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

जुन्या स्टेअरिंगचं रूप ठेवायचं असेल तर जुना कॉलम कापून खाली व्हॉल्व्हच्या स्प्लाइनचा तुकडा लेथवर बसवून घेता येतो. दांडा आणि व्हॉल्व्ह एका रेषेत असले पाहिजेत आणि दांड्याचा भार व्हॉल्व्हवर येऊ देऊ नका, कॉलमला स्वतःचं बेअरिंग हवं. जुना बॉक्स काही मॉडेलमध्ये गिअरबॉक्सचं झाकणही असतो, तिथे बॉक्सचं घर जागेवर ठेवून आतलं सामान तेवढं काढा. काढलेलं सगळं पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवा, कधी ट्रॅक्टर मूळ रूपात न्यायचा झाला तर हेच लागतं.

दाबाच्या लाइनला दोन तारांच्या जाळीचा होज, परतीला थोडा मोठा, आणि टाकीतून पंपाला येणारा सगळ्यात मोठा आणि आखूड. सक्शनचा होज बारीक किंवा मऊ असेल तर आत चिकटतो, पंप ओरडतो. टाकी पंपापेक्षा वर, दोन-तीन लिटरची, परतीच्या लाइनला फिल्टर. आटे तपासूनच फिटिंग घ्या, बीएसपी, मेट्रिक आणि जेआयसी दिसायला सारखे वाटतात, एक-दोन फेरे लागतातही, आणि दाब आला की सुटतात. सीलिंगला बाँडेड वॉशर वापरा. टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जातात. होज कापल्यावर आत रबराचा चुरा आणि तारेचे कण राहतात, प्रत्येक होज हवेने आणि तेलाने धुऊनच लावा. ऑर्बिट्रॉलच्या आत फट इतकी कमी असते की एक कण पुरेसा आहे.

तेल पंपाच्या सांगण्याप्रमाणे, कारच्या पंपाला बहुधा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), गिअर पंपाला ४६ किंवा ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल. ब्रेक ऑइल कधीही नाही, सगळे सील फुगून जातात.

पहिल्यांदा चालू करताना

चाकं हवेत, टाकी भरलेली, रिलीफचा स्क्रू सैल. स्टार्टरने इंजिन थोडं थोडं फिरवा म्हणजे पंपात तेल येईल, मग मंद गतीला चालू करा आणि या वेळी हात स्टेअरिंगच्या आऱ्यांपासून लांब ठेवा. कारण सेकंडहँड व्हॉल्व्ह कोणी खोलून परत जोडला असेल आणि आतल्या रोटरचं टायमिंग चुकलेलं असेल तर स्टेअरिंग स्वतःहून गरागरा फिरायला लागतं. माझ्या मित्राने आणलेल्या जुन्या व्हॉल्व्हने हेच केलं, इंजिन चालू होताच स्टेअरिंग पंख्यासारखं फिरलं, तो लांब उभा होता म्हणून मनगट वाचलं. असं झालं तर लगेच बंद, व्हॉल्व्ह खोलून टायमिंग जुळवायचं.

सगळं शांत असेल तर हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा, टाकीतली पातळी बघत राहा, तेल घाला. सुरुवातीला फेस येतो, थोडा वेळ इंजिन बंद ठेवून बसू द्या, परत फिरवा. डावीकडे फिरवलं आणि चाकं उजवीकडे गेली तर एल आणि आर अदलाबदल करा.

गळती हाताने चाचपू नका, हे मी कळकळीने सांगतो. बारीक भोकातून येणारं दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं, बाहेरून सुईच्या टोकाएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट नाहीतर हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. तेल घुसल्याची शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की दाबाचं तेल आत गेलंय.

आता दाब. पीच्या लाइनवर गेज लावा, ट्रॅक्टर खाली उतरवा, जास्तीत जास्त जेवढं वजन पुढे येणार तेवढं ठेवा. कडक जमिनीवर उभ्या जागी वळवा. वळत नसेल तर रिलीफ पाव फेरा घट्ट करा, परत बघा. जिथे चाकं जेमतेम वळायला लागतात तिथून १० बार वर नेऊन लॉकनट बांधा. त्याच्यावर नको. गणिताने ६८ आला होता आणि तुम्हाला १२० लागतोय असं झालं तर दाब वाढवू नका, एक्सलमध्ये कुठेतरी अजून अडतंय, सुरुवातीच्या तपासणीकडे परत जा. कारच्या पंपाचा आतला रिलीफ कंपनीचाच असतो, ७० ते १०० बारच्या आसपास, त्याहून कमी हवा असेल तर लाइनमध्ये वेगळा रिलीफ लावा. टोकाला नेऊन स्टेअरिंग धरून ठेवू नका, दोन-तीन सेकंद फार झाले, सगळं तेल रिलीफमधून जातं आणि तापतं.

चालवताना दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, तुम्हालाच परत आणावं लागतं. आणि चाकं सरळ असताना स्टेअरिंगची आरी रोज वेगळ्या जागी दिसते, कारण आतून थोडं तेल निसटत राहतं. दोन्ही बिघाड नाहीत. पण सरळ रस्त्यावर सतत एकाच बाजूला ओढत असेल तर सिलिंडरचं पिस्टन सील बघा. त्यासाठी चाकं टोकाला न्या, इंजिन बंद करून लाइनमधला दाब गेल्यावर रिकाम्या बाजूचा होज सोडून तोंडाखाली डबा धरा, सोडलेलं व्हॉल्व्हचं तोंड बुच लावून बंद करा, लांब उभं राहून मंद इंजिनवर त्याच दिशेला हलका जोर द्या, सुट्या तोंडातून तेलाची धार लागली तर सील गेलं.

पहिले दहा तास हळू, रिकाम्या शेतात. मग ब्रॅकेटचे, टायरॉडचे, आर्मचे सगळे बोल्ट परत आवळा, स्प्लिट पिन आहेत का बघा, बेल्ट परत ताणा. ५० तासांनी फिल्टर बदला, जुना कापून उघडा, चकचकीत कण दिसले तर ते कुठून आलेत ते शोधल्याशिवाय ट्रॅक्टर परत लोडरला लावू नका. किंगपिनचं ग्रीस मात्र आधीसारखंच, चाक हवेत घेऊन, आणि तेव्हा एकदा टायरॉड आणि सिलिंडरचं टोक सोडून चाक हाताने फिरवून बघा, कारण जड झालंय हे आता स्टेअरिंग तुम्हाला सांगणार नाही.